सत्तर टक्के पाऊस

५ ऑक्टोबर

आज वेधशाळावाले पुन्हा तोंडावर पडले. पिवळा इशारा होता. मेघगर्जनेसह, तुरळक ठिकाणी. मी सकाळपासून ओट्यावर बसून त्या तुरळक ठिकाणाची वाट पाहिली. ते आमच्या पासलीत आलं नाही. नसरापूरला दुकानदाराला फोन केला, तिथेही नाही. सारोळ्याच्या मेहुण्याने सांगितलं की पुलावर धुळीशिवाय काही उडत नाही.

मुळात 'पुणे जिल्हा' हा कोणता प्राणी आहे? आमच्या वेल्ह्यात पावसाळाभर भिंतींना शेवाळ चढतं आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणसं टँकरपुढे घागरी घेऊन उभी असतात. दोघांना एकच रंग! कुणा विद्वानाने खोलीत बसून नकाशावर डबा ओतायचा आणि आम्ही इकडे शेळ्या आत घ्यायच्या. गणपतीत असाच नारिंगी डबा ओतला होता. मी देवळासमोर उभा राहून सांगितलं, पडणार नाही. पडला नाही. पितृपक्षात पुन्हा तेच झालं. तेव्हापासून वाडीतली माणसं मोबाईलकडे बघण्याआधी माझ्या ओट्याकडे बघतात.

तीस वर्षं व्याख्यानं दिली. शिवजयंत्या, गणेशोत्सव, शाळांचे बक्षीस समारंभ. टाळ्या मिळाल्या, शाली मिळाल्या, इतके नारळ मिळाले की घरात खोबरं विकत आणावं लागलं नाही. पण माझं ऐकून कुणी आपलं एखादं काम पुढे-मागे केलं, असं कधी घडलं नव्हतं. आता घडतं. म्हणून लिहून ठेवायला घेतलं.

११ ऑक्टोबर

समाजमंदिरात शेतीखात्याचा कार्यक्रम. पुण्याहून हवामानाच्या शास्त्रज्ञ आल्या होत्या, शेफाली नावाच्या. वय आमच्या धाकट्या मुलीएवढं. पडद्यावर ढगांची चित्रं फिरवली, बाण दाखवले. मी पहिल्या रांगेत होतो.

विचारलं, "मॅडम, एक सांगा. दिवाळीनंतर आम्ही भात कापणार. पाऊस पडेल की नाही?"

"आत्ता सांगता येणार नाही सर. तीन-चार दिवस आधी शक्यता सांगता येईल. समजा, सत्तर टक्के."

"सत्तर टक्के पाऊस पडला तर माणूस कुठवर भिजतो? छातीपर्यंत?"

मंदिर हसलं. वाडीतल्या गोरखने मागून शिट्टी मारली. बाईसुद्धा हसल्या, हे मला आवडलं नाही.

"नाही सर, भिजला तर पूर्णच भिजतो," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या वाडीचं आम्हाला नेमकं सांगता येत नाही, हेही खरं आहे. मध्ये डोंगर आहे आणि इकडे पाऊस मोजायचं यंत्र नाही."

"मग आलात कशाला?"

"हेच सांगायला."

याला हल्ली विज्ञान म्हणतात. माहीत नाही हे सांगायला सरकारी गाडीतून यायचं! मी पुढे दहा मिनिटं बोललो. पृथ्वी सपाट आहे असं सांगणारेही त्या काळचे विद्वानच होते, आणि हातात नकाशा असणाऱ्यांनीच जहाजं बुडवली, हे सांगितलं. टाळ्या पडल्या.

बाईंना पाहुण्या म्हणून चहाला घरी आणलं. आमची बायको जात्याच चौकस. रत्नाने कपबशी ठेवता ठेवता विचारलं, "ताई, सत्तर टक्के म्हंजी कसं? आमी कोंबडीखाली धा अंडी ठिवतो, त्यातली सात फुटत्यात, तसं?"

"अगदी तसंच, काकू."

"मग तीन फुटली न्हाईत म्हून कोंबडी खोटी कशी?"

"रत्ना, साखर आण," मी म्हणालो.

जाताना बाईंनी मोबाईलवर गट काढून सगळ्यांना त्यात घातलं. मलाही घातलं. शत्रूच्या छावणीत आपला माणूस असावा, म्हणून राहिलो.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

आज पहाटे बांधावर दहिवर पडलं. गवताच्या शेंड्यांवर कोळ्यांची जाळी ताणलेली. घाटाकडून येणारा वारा बसला आहे. या तीन खुणा एकत्र आल्या की पाऊस गेला. हे मला कुठल्या पडद्याने शिकवलेलं नाही.

गेनबा ओट्यावर आला. वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस आणि म्हणींचं पोतं. म्हणाला, "आप्पा, स्वाती लागायची हाय आजून. पडतील स्वाती तर पिकतील मानिक-मोती."

"गेनबा, ही म्हण ज्याने केली त्याच्या रानात ज्वारी होती. आपल्याकडे कापलेल्या भातावर स्वाती पडली तर मोती नाही, कोंब पिकतात."

"पर पंचांगात वाहान दिलंय."

"बेडूक, म्हैस, हत्ती! ते आभाळ आहे की जत्रेतला पाळणा?"

गेनबा तंबाखू मळत राहिला. माझं एका बाजूला वेधशाळेशी भांडण आणि दुसऱ्या बाजूला पंचांगाशी. मधल्या अरुंद वाटेवर मी एकटा. पण वाट बरोबर असेल तर गर्दीची गरज नसते.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळीच बाईंचा संदेश आला. पंचवीस तारखेपासून तीन-चार दिवस पावसाची शक्यता सत्तर टक्के, घाटमाथ्याला जास्त, भातकापणी पुढे ढकलावी. बरोबर सणाच्या दिवशी! सत्तरचा आकडा यांनी आधीच ठरवून ठेवलेला दिसतो.

संध्याकाळी भैरोबाच्या देवळात कापणीची बैठक होती. आमच्याकडे पैरा चालतो. सगळ्यांनी मिळून आज याचं शेत कापायचं, उद्या त्याचं. मजुरी नाही, हातावर हात फेडायचा. पहिलं शेत एकट्या बाईचं, हा वाडीचा जुना मान. म्हणजे धोंडावहिनींचं, माझ्या चुलतभावाच्या मागे राहिलेल्या. त्यांच्या बांधाला लागून आमचं, म्हणून दुसरी पाळी आमची असते.

दुपारी जेवताना रत्ना म्हणाली, "अवो, औंदा आपली पाळी शेवटी घ्या की."

"का?"

"कापा म्हून तुमीच सांगनार. मग तुमचंच शेत आदी कापलं तर लोक काय म्हंत्याल? फुडाऱ्यानं मागं ऱ्हावं."

हे मला सुचायला हवं होतं. बायकांना कधीकधी असं सहज सुचतं.

देवळात संदेश मोठ्याने वाचून दाखवला, एकेका शब्दाची सालं काढली. गोरखने विचारलं, "आप्पा, पर खरंच न्हाई ना पडनार? माझं सगळं पिवळं झालंय."

"गोरख, गणपतीत पडला?"

"न्हाई."

"पितृपक्षात पडला?"

"न्हाई."

"मग कुणावर विश्वास ठेवायचा ते तुझं तू ठरव. आणि ऐक, माझी दुसरी पाळी मी सोडतो. ती तू घे. माझं भात सगळ्यांच्या शेवटी कापलं जाईल."

टाळ्यांचा कडकडाट. गोरख पाया पडला. असे क्षण माणसाच्या आयुष्यात थोडे असतात.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रत्ना धोंडावहिनींकडे विरजण आणायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा वाटी रिकामी. विचारलं तर म्हणाली, "अक्का ऐकत न्हाईत. पयला मान हाय, मागं सरायचं न्हाई म्हंत्यात. आन् भावजी सांगत्यात ते खोटं कसं आसंल, म्हंत्यात."

कसलं मागं सरायचं ते कळलं नाही. शेवटचं वाक्य मात्र बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर

वहिनींचं भात कापून झालं. लख्ख ऊन. खाचरांत विळ्यांचा खसाखसा आवाज. बायकांच्या तोंडाला आज धार होती. गोरखची आई मला म्हणाली, "आप्पा, आभाळाला नोटीस दिली का न्हाई?"

"दिली आहे. तोंडी."

"मग आभाळ यायचं न्हाई. तुमच्या तोंडाफुडं कोन टिकलंय?"

वहिनी मध्येच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भावजी, तुमच्या तोंडात साखर पडो. दोन खाचरं हायती, त्येवढंच माझं वरीस."

खरं आहे. दुसरं काही नाही त्यांना. हे भात घरात आलं की वर्षभर कुणाच्या दारात जायला लागत नाही.

रत्नाचं मात्र आज काहीतरी बिनसलं होतं. कापलेलं भात पसरत असताना म्हणायला लागली, आजच उचलून अक्काच्या पडवीत टाकू. सगळे हसले. ओलं भात घरात नेऊन काय लोणचं घालायचं? दोन दिवस ऊन खाल्ल्याशिवाय झोडणी होत नाही हे शेंबड्या पोराला कळतं. मी चार लोकांत तिला बोललो. बोलायला नको होतं, पण लोकांसमोर असा भित्रेपणा बरा दिसत नाही.

२५ ऑक्टोबर

गोरखचं कापलं. उकाडा फार. दुपारनंतर पश्चिमेला ढग. उकाडा म्हणजे पाऊस, ही अडाणी समजूत. मी दिवसभर खाचरातून खाचरात सांगत फिरलो.

बाईंचा पुन्हा संदेश. आता म्हणे पंच्याऐंशी टक्के. लिलाव चालला आहे! मी गटातून बाहेर पडलो. रत्ना म्हणाली, "पडा तुमी. म्या हाय त्यात."

असू दे. तिला सणाच्या शुभेच्छांचे फोटो बघायला आवडतात.

२६ ऑक्टोबर

पडतो आहे.

२७ ऑक्टोबर

अजून पडतो आहे. घाटावरून उतरतो आणि वाडीवर बसतो. एका बाजूने वीज नाही, दुसऱ्या बाजूने रत्ना बोलत नाही.

मी पुन्हा पुन्हा विचार केला. माझ्या तीनही खुणा बरोबर होत्या. त्या आमच्या डोंगराच्या खुणा. हे जे आलं ते समुद्रातून आलं आहे. समुद्राची हमी मी कधी दिली नव्हती. आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने पाहिलं तरी सत्तर टक्के म्हणजे तीस टक्के मी बरोबर होतोच.

हे रत्नाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा थापायला लागली.

२९ ऑक्टोबर

उघडलं. रानात गेलो. वहिनींच्या खाचरांत पाणी साचलेलं, त्यात भात आडवं. वहिनी पाण्यात वाकून मूठमूठ उचलून बांधावर ठेवत होत्या. एक मूठ मी उचलली. लोंब्यांना पांढरे कोंब फुटले होते, म्हाताऱ्याच्या दाढीच्या खुंटासारखे.

"वरचं वरचं वाचंल का, भावजी?" त्यांनी विचारलं.

"वाचेल," मी म्हणालो.

गोरखच्या शेताकडे गेलो नाही. आमचं भात पाहिलं. एका कडेला थोडं लोळलं आहे, बाकी उभं. लोंब्या वर. पावसाने धुऊन निघाल्यासारखं पिवळंधमक. वहिनींचं आडवं आणि बांधाला लागून आमचं उभं. इतकी शोभा कधी नकोशी वाटली नव्हती.

३० ऑक्टोबर

गोरख दारात आला. एकटा नाही, चारपाच जण होते. ओट्यावर चढला नाही.

"आप्पा, एकच इचारायचंय. तुमची पाळी तुमी का सोडली?"

"तुझ्यासाठी सोडली. सगळ्यांसमोर सोडली."

"व्हय. सगळ्यांम्होरंच सोडली. आमाला वाटलं, काय देवमानूस हाय! आमचं भात आडवं करून स्वताचं उभं ठिवलं. तुमाला ठावं व्हतं पाऊस येनार."

"मला ठाऊक असतं तर—"

"गनपतीत ठावं व्हतं. पितरांत ठावं व्हतं. आन् नेमकं आत्ताच ठावं न्हवतं व्हय?"

माझ्याच दोन यशांचा त्याने दोर वळला होता. मूर्ख माणसाच्या हातात तर्क म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, एवढं बोललो. त्यावर तो म्हणाला, "उंद्या देवळात या. पैरा तुटला तुमचा. तुमच्या शेतात वाडीतला एक इळा उतरायचा न्हाई."

आत आलो. रत्नाला म्हणालो, "ऐकलंस? मी लबाड! ज्याने आयुष्यभर खरं बोलायला कुणाच्या बापाची भीती बाळगली नाही, तो लबाड! चुकला म्हणाले असते तर सोसलं असतं."

"सोसलं आसतं?" तिने विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली.

३१ ऑक्टोबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

देवळात मी भाषणाला उभा राहिलो. सॉक्रेटिसालाही त्याच्या गावाने विष दिलं, इथून सुरुवात केली. कुणी ऐकेना. सिद्धनाथसारखा मवाळ माणूस, तोही म्हणाला, "आप्पा, इख ऱ्हाऊ द्या. भाताचं बोला."

तेवढ्यात बायकांतून रत्ना उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाळी ह्यांनी न्हाई सोडली. म्या सोडाय लावली."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"त्या पुन्याच्या ताईचं मला पटलं व्हतं. धा अंड्यातली सात. म्हून म्या ह्यांना म्हनलं, फुडाऱ्यानं मागं ऱ्हावं. ह्यांना मोठेपना लई ग्वाड लागतो. लगीच ऐकलं."

कुणीतरी फिसकन हसलं.

"अक्काला म्या सांगून आले. अक्का न्हाई मागं सरल्या. गोरखदादा, तुमाला न्हाई सांगितलं, ही चूक माझी. नवऱ्याच्या इरोधात देवळात उभं ऱ्हायचं धाडस झालं न्हाई. त्या दिशी व्हायला पायजे व्हतं, ते आज झालं. पर ह्यांना लबाड म्हनू नका. लबाडाला ठावं आसावं लागतं. ह्यांना कायबी ठावं न्हवतं. भैरोबाची आन, कायसुदिक ठावं न्हवतं!"

आणि मग देऊळ हसलं. गोरखची आई हसली, गेनबा खोकला येईपर्यंत हसला, शेवटी गोरखसुद्धा मान फिरवून हसला. माझ्या कुठल्याही व्याख्यानाला एवढा हशा मिळाला नव्हता. मी कोट घालून, हात अर्धा वर उचलून, तसाच उभा होतो.

रत्ना हसली नाही. हशा ओसरल्यावर म्हणाली, "आमचं भात घरात आलं की आदी अक्काची कनगी भरंल. मग आमची." माझा सल्ला घेतला नव्हता.

लबाड नाही असं सर्वानुमते ठरलं. घरी येताना तिच्याशी एक शब्द बोललो नाही. निम्म्या वाटेत तीच म्हणाली, "सोसंल म्हनला व्हता."

२ नोव्हेंबर

पैरा जोडला की तुटला, कुणी काही सांगितलं नाही. सकाळी आम्ही दोघंच विळे घेऊन निघायच्या तयारीत. रत्ना मागच्या दारी भाकरी बांधत होती. मी ओट्यावर पायताण घालत होतो. माझ्या अंदाजाला आज काही अडचण नव्हती. वारा बसलेला, गवत ओलं, आभाळ घासलेल्या परातीसारखं. दिवसभरात थेंब पडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं.

तेवढ्यात धोंडावहिनी आल्या. खांद्यावर विळा.

"वहिनी, तुम्ही कशाला?"

"वा! तुमी माझं कापलं, मला तुमचं कापाय नको? पैरा फेडाय नको व्हय?"

त्यांनी ओच्यातून मूठभर भात काढून माझ्यासमोर धरलं. पाण्यातून वाचवलेलं. निम्म्या दाण्यांना कोंब, निम्मे चांगले.

"ह्ये पडवीत दमट पडलंय, भावजी. वास माराय लागलंय. आंगनात पसरून आले तर चालंल का? दीसभर मी तुमच्या रानात. मागं आला पाऊस तर उचलाय कोन न्हाई."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. परवा देवळात त्याही होत्या. सगळं ऐकलं होतं.

"रत्नाला विचारा," मी म्हणालो.

"ती कामात हाय. तुमीच सांगा की." आणि मग, अगदी साधेपणाने, "तुमी सांगितलं की बरं वाटतं."

उत्तर जिभेवर होतं. खणखणीत, एका शब्दाचं. शास्त्रज्ञ बाईला आयुष्यात जमणार नाही असं. पण तळहातावरचे ते कोंब माझ्यासमोर तसेच होते. वहिनी हात मागे घेईनात.

मी मागच्या दाराकडे तोंड करून रत्नाला हाक मारली. पहिली हाक तिला ऐकू गेली नाही. दुसरी मारली. मोबाईल घेऊन ये म्हणालो.

पावसात फिरल्यामुळे घसा बसला आहे. म्हणून स्वतः बोललो नाही.